कापूस की फोम? आमची वाटचाल आणि एक डेबिट नोट

परवा एका कंपनीतून पर्चेसच्या नवीन पोराचा फोन आला, "सर, फोम स्वॅब चांगला की कॉटनचा?" स्वॅब म्हणजे टोकाला कापूस किंवा फोम लावलेली पुसायची काडी, आम्ही त्याच बनवतो. म्हटलं, बाबा रे, पुसायचं काय आणि कशाने? तर म्हणे ते प्रॉडक्शनला विचारून सांगतो, तुम्ही रेट पाठवा. पाठवला रेट. पण याच एका प्रश्नापायी २०१६ मध्ये भोसरीच्या आमच्या गाळ्याला कुलूप लागायची वेळ आली होती, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सुरुवात १९९६ ची. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ एक टेबल, मी आणि माझा आयटीआयचा दोस्त, कॅसेट डेक आणि व्हीसीआर रिपेअर. डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, कापूस आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवून खुशाल पुसा, तपकिरी मळ निघतो, गाणं स्वच्छ वाजतं, विषय संपला. व्हीसीआरचं तसं नाही. फिरत्या ड्रमच्या कडेला हेडचं इवलंसं टोक बाहेर असतं, त्यात कापसाचा एक धागा अडकला की हेड गेलं, आणि गिऱ्हाईक म्हणणार आणलं तेव्हा चालू होतं. त्यासाठी शॅमी लेदरची, म्हणजे मऊ कातड्याची, काडी लागायची. काडी आडवी, हलक्या हाताने टेकवून धरायची आणि ड्रम बोटाने फिरवायचा, वर-खाली घासायचं नाही म्हणजे नाही. त्या काड्या बाजारात धड मिळायच्या नाहीत म्हणून दोस्त रात्री बसून शॅमी कापायचा आणि चिकटवायचा. आमचा धंदा असा सुरू झाला, नंतर व्हीसीआर गेले पण काड्या राहिल्या.

पहिलं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे बुधवार पेठेतले कॅमेरा रिपेअरवाले काका. पैशाला चोख, पण मालाच्या बाबतीत भयंकर किरकिरे. त्यांच्याकडे एक काळी पाटी होती, शाळेतली असते तशी. स्वॅब त्यावर दोनदा फिरवायचे, दिवा बंद करायचे आणि टॉर्च तिरका मारायचे. तंतू असे चमकायचे की लाज वाटावी. दुसरी परीक्षा आरशाची. स्वॅब रात्रभर आयपीएत ठेवायचा, सकाळी त्यातला एक थेंब आरशावर टाकून वाळू द्यायचा. कडं उरलं तर माल परत. आमच्या कापसाच्या काडीचं कडं कायम उरायचं, कारण कापसात स्वतःचं थोडं मेण असतं आणि वर काडीला लावलेला गोंद. काका म्हणाले, "अरे, हा कापूस कानात घाल, लेन्सला नको लावूस."

मग फोम. १०० पीपीआयचा फोम आणला, म्हणजे एका इंचात शंभर छिद्रं, आणि ठरवलं की गोंद लावायचाच नाही. पॉलीप्रॉपिलिनची काडी गरम करायची, वर फोम दाबायचा, काडीचं मऊ झालेलं प्लास्टिक फोमच्या छिद्रात घुसून धरतं. सांगायला एक ओळ आहे, जमायला सात महिने गेले. दोस्ताने ओळखीच्या लेथवर अॅल्युमिनियमचा डाय, म्हणजे साचा, केला, इस्त्रीचं एलिमेंट बसवलं, थर्मोस्टॅटही इस्त्रीचाच. जरा जास्त तापलं की फोम पिवळा पडून कडा टणक, जरा कमी पडलं की फोमची टोपी सुटून हातात. त्या डायमध्ये दोस्ताचा उजवा अंगठा एकदा सापडला, नख काळं पडलं ते पडलंच. तो डाय अजून आहे आमच्याकडे, विकणार नाही.

२००४ ते २०१५ नीट चाललं, ऑर्डर यायची, माल जायचा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता २०१६. चाकणकडची इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडणारी एक असेंब्ली कंपनी, नाव घेत नाही, महिन्याला वीस हजार फोम स्वॅब घ्यायची, आमचा निम्म्याहून जास्त धंदा तिथेच. बोर्डावरचा फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगचा चिकट मळ, आयपीएने पुसायचे, सगळं छान. मग त्यांच्या लाइनवर कुणाला तरी वाटलं की बोर्डावरचं संरक्षक कोटिंग जिथे जास्त सांडतं ते अॅसिटोनने पटकन निघतं. निघतंच. पण स्वॅब तोच ठेवला, आमचा फोमचा! पॉलीयुरेथेन फोम अॅसिटोनमध्ये फुगतो, मऊ पडतो, मग पार्टच्या अणकुचीदार पायांवर घासला की चुरा सुटतो. तो चुरा बोर्डावर, त्यावर पुन्हा कोटिंग, आणि पुढे रिजेक्शन. आम्हाला काय आलं, तर डेबिट नोट, म्हणजे नुकसान तुमच्या बिलातून कापतो असा कागद. दोन लाख अडतीस हजार. आणि आधीची दोन महिन्यांची बिलं अडकली ती वेगळीच.

मी काचेचे दोन ग्लास घेऊन गेलो. एकात त्यांचं आयपीए, एकात त्यांचंच अॅसिटोन, दोन्हीत आमचा स्वॅब. चहा येईपर्यंत अॅसिटोनमधला टम्म फुगला, नखाने दाबला तर भिजल्या बिस्किटासारखा तुटला. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "मग हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं." पाकिटावर लाल अक्षरात छापलेलं होतं हो! मराठीत आणि इंग्रजीत! पाकीट दाखवलं तर म्हणे स्टोअरमध्ये पाकीट फाडून माल डब्यात भरतात.

आणि नेमका तेव्हा तो आला. पूर्वी आम्हाला काड्या पुरवायचा, आमच्याच गाळ्यात बसून चहा पिऊन धंदा शिकला. त्याने तिथे विणलेल्या पॉलिएस्टरचा स्वॅब दिला, आणि तो बरोबरच होता, पॉलिएस्टर अॅसिटोनला दाद देत नाही, खोटं कशाला बोलू. राग वेगळाच आहे. त्याने भोसरीभर सांगत सुटायचं की यांचा फोम विरघळतो, आणि वर्षभरात स्वतःच फोम विकायला काढायचा, तोही गोंदाने चिकटवलेला, आमच्या निम्म्या भावात, पाकिटावर लिहायचं गोंदविरहित. त्याचा स्वॅब रात्रभर आयपीएत ठेवा, सकाळी टोपी ओढा, मग मला फोन करा.

त्या वर्षी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या, दोस्ताच्या घरच्या. त्याने मला सांगितलंसुद्धा नाही, चार महिन्यांनी कळलं. काकांनी पाच हजार रुपये आगाऊ दिले, त्यांना वर्षभरात तेवढा माल लागतच नव्हता. म्हणाले सावकाश दे.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. कापूस टाकाऊ नाही. ग्रीस, जाड मळ, सोल्डरिंगची गरम जागा, थिनर, अॅसिटोन, तिथे घट्ट गुंडाळलेला कापूस लाकडी काडीवर घ्या, फक्त काडी सॉल्व्हंटमध्ये भिजत ठेवू नका, लाकडाचा रंग उतरतो. खाच, कोपरा, जिथे तंतू चालणार नाही आणि हातात आयपीए आहे तिथे फोम. धारदार बर, म्हणजे धातूची सुटलेली कड, असेल तर दोन्ही फाटतात, आधी बर काढा. वापरलेला स्वॅब परत बाटलीत बुडवू नका, सगळी बाटली घाण होते, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं पण लाइनवर कुणी ऐकत नाही. आणि सॅनिटायझरवालं ७० टक्के आयपीए बोर्डाला लावू नका, बाकीचं पाणी असतं त्यात, ९९ चं घ्या.

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिक काडीचे इअरबड बंद झाले, तेव्हा कापसासाठी कागदी काडी आणली. पाण्यात लोळागोळा होते, मला आवडत नाही, पण खपते.

डेबिट नोट अजून ड्रॉवरमध्ये आहे. पैसे आले नाहीत. गेल्या महिन्यात त्या काड्या पुरवणाऱ्याचा नवीन कॅटलॉग कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवला, "आमची अत्याधुनिक निर्मिती" म्हणून पान तीनवर मोठा फोटो. फोटोत डाय आहे, डायवर उजवा अंगठा, आणि अंगठ्याचं नख काळं. दोस्ताला दाखवला तर त्याने झूम करून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "तेव्हा थर्मोस्टॅट उलटा बसवला होता बघ आपण."