सव्वीसच का?

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं टाइम ऑफिसला होते. मस्टर म्हणजे हजेरीपट, ओव्हरटाइमचा हिशोब, पीएफ आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) चालान, नवा माणूस आला की पीएफचा फॉर्म ११ भरून घ्यायचा, गेला की त्याचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, काढायचं. कामगार मला ‘एचआरवाली मॅडम’ म्हणायचे, ओळखपत्रावर मात्र ऑफिस असिस्टंट. मग तेवीस वर्षांची एक एमबीए झालेली मुलगी माझी साहेब म्हणून आली. मुलगी स्वभावानं छानच होती. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, ईएसआयला पगाराची मर्यादा किती? मी मान वर न करता सांगितलं, २१,०००, कामगाराचे ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. त्या दिवशी बसमध्ये माझा चेहरा काय झाला असेल कोण जाणे, घरी आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "काय गं, कोणाशी भांडलीस?"

मीही एमबीए करायचं ठरवलं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि माझी मुलगी पहिलीत. नवरा म्हणाला, नोकरी सांभाळून घरबसल्या कर ना. पण मला कॅम्पस मुलाखती हव्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला वर्गात बसायचं होतं. इंदूरात एमबीए म्हटलं की बाहेरगावचे नातेवाईक आयआयएमच समजतात. ते राऊला, आमच्या कंपनीच्या बसच्या वाटेवरच आहे. सहा वर्षं खिडकीतून पाहिलंय. कॅट आणि तिथली फी या दोन्ही गोष्टी माझ्या घरच्या गणितात बसणाऱ्या नव्हत्या. राहिलं आमचं देवी अहिल्या विद्यापीठ, खंडवा रोडवरचा तक्षशिला परिसर. रामबागेतल्या घरापासून अ‍ॅक्टिव्हावर जाऊन येण्यासारखं.

प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. २०२३ च्या पेपरला १०० प्रश्न आणि दोन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. इंग्रजीची आणि तर्काच्या कोड्यांची भीती नव्हती, टक्केवारीनं मात्र घाम फोडला. रोज हजार लोकांचे पीएफ काढणारी बाई ‘दोन नळ एक टाकी’ला अडते, हे मुलीला फार मजेशीर वाटलं.

परीक्षेपेक्षा मला नावानं जास्त छळलं. मी फॉर्म आधारवरच्या, म्हणजे लग्नानंतरच्या नावानं भरला. दहावी-बारावी-बी.कॉम.च्या मार्कशीट सगळ्या माहेरच्या नावाच्या. कागदपत्रं तपासायच्या आदल्या रात्री मी फाइल लावायला बसले तेव्हा हे लक्षात आलं! दुसऱ्यांच्या फॉर्म ११ मधलं स्पेलिंग तपासून परत पाठवणारी मी. सकाळी दहाला नवरा निगमच्या विवाह प्रमाणपत्राची प्रत शोधत माळ्यावर, आणि मी जिल्हा कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलापाशी, ‘मी अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे’ असं शपथपत्र करून घेत. बायकांनो, हे काम फॉर्म भरायच्या आधी करा. त्या दिवशी नोटरीकडे माझ्यापुढे अजून दोघी त्याच कामाला उभ्या होत्या.

वर्गात सगळी एकवीस-बावीसची. दोन दिवसांत मी ‘दीदी’ झाले आणि आठवड्याभरात झेरॉक्सचे पैसे गोळा करणारी दीदी. पहिलं सेमिस्टर अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, ऑर्गनायझेशनल बिहेविअर यांत गेलं. मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा त्रिकोण इतक्या वेळा काढला की मुलीनं तो रंगवायला मागितला. ७५ टक्के हजेरी सांभाळताना तापातही गेले आहे, त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही.

एक तास मात्र आठवतो. २५ डिसेंबर २०२३ ला इथे हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकीत देण्यांचे २२४ कोटी रुपये सुपूर्द झाले. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली होती. मधली बत्तीस वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली. सुमारे ४,८०० कामगारांना त्याचा लाभ, त्यातल्या कित्येकांच्या घरी पैसे घ्यायला विधवा बायका किंवा मुलं. त्या आठवड्यात सरांनी चर्चा ठेवली: कारखाना बंद होतो तेव्हा एचआरचं काम काय? पोरांनी भराभर सांगितलं. समुपदेशन, दुसरी नोकरी शोधून देणं, ‘एक्झिट इंटरव्ह्यू’. चुकीचं कोणीच बोललं नाही. पण त्यांतल्या बहुतेकांचा जन्म २००० नंतरचा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्या मिलच्या नावानं का निघतात, हे बाहेरगावच्या मुलांना ठाऊकही नव्हतं. माझे आजोबा इथल्याच एका मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. ते वेळेवर निवृत्त झाले, फंड वेळेवर मिळाला, म्हणून आमच्या घरात ही गोष्ट कधी रडून सांगितली गेली नाही. मी वर्गात एवढंच म्हटलं की बंद पडायच्या दिवशी मस्टर कोणाच्या ताब्यात होतं ते आधी विचारा. कोण किती वर्षं होता याचा पुरावाच हरवला तर पुढचं समुपदेशन कशाचं करणार? सरांनी फळ्यावर ‘रेकॉर्ड’ असा शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मी जरा फुशारलेच. टाइम ऑफिसची सहा वर्षं फुकट नाही गेली, असं वाटलं.

ती हवा उतरायला मे महिना लागला. समर ट्रेनिंगला एका कारखान्यात कामगारांच्या समाधानाची पाहणी घेतली होती: पाच पर्यायांची प्रश्नावली, हिंदीत, १२० प्रती. दोन दिवसांत सगळ्या भरून आल्या आणि जवळपास सगळ्यांवर ‘पूर्ण सहमत’. पगारावर पूर्ण सहमत, कँटीनवर पूर्ण सहमत, पंखे बंद होते त्या शेडमधलेही हवेवर पूर्ण सहमत. चौकशी केल्यावर कळलं की सुपरवायझरनं लाइनवर उभं राहून भरून घेतल्या होत्या. मग मी कोऱ्या प्रती घेऊन शिफ्ट बदलताना चहाच्या टपरीशी बसले. नाव नको, टोकन नंबर नको. ४३ मिळाल्या, आणि त्यांत माणसं होती. एकानं पर्यायांना हातच लावला नव्हता, मागच्या कोऱ्या बाजूवर फक्त ‘पानी ठंडा नहीं आता’ लिहिलं होतं.

तोंडी परीक्षेत मी हे ऐटीत सांगितलं आणि वर जोडलं की हा हॉथॉर्नसारखाच प्रकार: १९२४ ते १९३२ च्या दरम्यान शिकागोजवळच्या कारखान्यात कोणीतरी आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर कामगारांचं वागणं बदललं, तसंच. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "हॉथॉर्न मत कहिए। वहाँ लोगों को लगा कि उन्हें पूछा जा रहा है। आपके यहाँ तो सीधा डर है।" गुण चांगले दिले त्यांनी. पण त्यानंतर मी कुठल्याही गोष्टीवर पटकन पुस्तकातलं नाव चिकटवत नाही.

आणि मग कामगार कायदे. हा माझा विषय, असं मी पूर्ण वर्गाला सांगून ठेवलेलं. मुलं माझ्याकडे पीएफ समजून घ्यायला यायची. पहिल्या अंतर्गत चाचणीत २० पैकी ९ मिळाले. ज्या पोरांनी जन्मात मस्टर पाहिलं नाही त्यांना चौदा, पंधरा. मी पेपर घेऊन तडक सरांच्या खोलीत. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचं, गणित शेवटच्या रुपयापर्यंत बरोबर होतं: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सर म्हणाले, "हिशोब बरोबर है। सवाल में पूछा था, छब्बीस क्यों?"

मी म्हटलं, सर, फॉर्म्युलाच तसा आहे.

"फॉर्म्युला किसने बनाया?"

मला नव्हतं माहीत. सहा वर्षं मी ती एक्सेल शीट वापरली, आधीच्या बाबूनं दिलेली, त्यात २६ आधीच टाइप केलेला. सरांनी सांगितलं ते असं. १९७२ चा कायदा दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन म्हणत होता. महिन्याच्या पगारातून एका दिवसाचं वेतन काढायचं कसं, यावर वाद. जामनगरच्या दिग्विजय वूलन मिल्सचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मालक म्हणत होता तीसनं भागा. कोर्टानं १९८० मध्ये सव्वीस उचलून धरला, कारण साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या की महिन्याचे कामाचे दिवस तेवढेच उरतात आणि पगार त्या दिवसांच्या कामाचा असतो. पुढे दुरुस्ती होऊन ते कायद्यातच लिहिलं गेलं.

जिना उतरताना मला आमच्या कारखान्यातले एक हेल्पर काका आठवले. वीस वर्षं भरून निवृत्त होत होते, बेसिक १३,०००. हिशोबाचा कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि विचारलं, "बेटा, महीना तो तीस का होता है ना? ये छब्बीस कैसे?" त्यांना वाटलं, चार दिवस कापले. मी तेव्हाही हेच म्हणाले होते: "फॉर्म्युला है काका।" ते गप्प बसले, अंगठा नाही, नीट सही केली आणि गेले. आता जिन्यातच मोबाइलवर हिशोब केला. सव्वीसनं १,५०,०००. तीसनं १,३०,०००. म्हणजे त्या चार दिवसांनी त्यांचे वीस हजार वाढले होते, आणि ते माणूस आपल्याला लुबाडलं असं समजून घरी गेलं. सांगायला दोन वाक्यं लागली असती. ती दोन वाक्यं माझ्याकडे नव्हती.

पुढच्या चाचणीत १७ मिळाले. मी प्रत्येक आकड्याला ‘का’ विचारायला लागले होते, बोनस ८.३३ टक्केच का (वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे एका महिन्याचा पगार), असं सगळं. एचआरडी (मनुष्यबळ विकास) हा वेगळा विभाग आपल्याकडे प्रथम १९७५ मध्ये एल अँड टीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी आखून दिला, हे पण तेव्हाच वाचलं. परीक्षेत आलं नाही.

२०२५ ला पास झाले. कॅम्पसमध्ये तीन ठिकाणी बाहेर. एका ठिकाणी वय विचारलं, एका ठिकाणी ‘मुलगी कोण सांभाळेल’. चौथ्यानं विचारलं, ग्रॅच्युइटी सांगा. मी सुरू झाले ते त्यांनी हात करेपर्यंत. पीथमपूरलाच, दुसऱ्या कारखान्यात, असिस्टंट मॅनेजर. बस तीच, खिडकीतून राऊ तसंच दिसतं.

परवा ज्युनियर बॅचमधली एक मुलगी नोट्स मागायला घरी आली. आम्ही चार लेबर कोडबद्दल, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांबद्दल, उत्तरपत्रिकेत ‘२०१९ व २०२० मध्ये मंजूर, अद्याप लागू नाहीत’ असं लिहीत होतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला ते लागू झाले आणि माझी अख्खी वही शिळी झाली. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, वेतनाची व्याख्या नवी. मी तिला बाकी सगळं दिलं आणि कायद्याची वही ठेवून घेतली, मलाच ती पुन्हा लिहायची आहे. दारातून ती परत वळली. "दीदी, त्यातलं काहीच नाही चालणार?"

सव्वीसचं पान फाडून दिलं. तेवढं नव्या कोडमध्येही तसंच आहे.