पावसाळ्यात पिशवी नको

आषाढ, रविवार. कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली. गगनबावड्याकडची वाहतूक थांबली की आधी आठवतात ती कपाळात पिशवी बसवलेली लेकरं.

कपाळावरची तळहाताएवढी काळी जन्मखूण एका दमात काढून जागा शिवता येत नाही. ओढून शिवली तर भुवई वर चढते. म्हणून शेजारच्या चांगल्या कातडीखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी ठेवायची, टाके भरायला दोनेक आठवडे द्यायचे आणि मग दर आठवड्याला पिशवीच्या झडपेत बारीक सुईने सलाईन भरायचं. सुईआधी तासभर बधिरतेचं मलम लावलं की बाळ कमी रडतं. हे साधारण ८ ते १२ आठवडे चालतं.

दर खेपेला किती मिली? आकडा धरून भरणं हीच चूक. कातडी पांढरी पडली, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतला नाही, की थांबून थोडं पाणी परत काढायचं. दोन खेपा चुकल्या म्हणून तिसऱ्याला दुप्पट भरलं तर वरची कातडी विरते आणि पिशवी उघडी पडते. मग सगळी मेहनत वाया. लाली, ताप, टाक्यातून पाणी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. पूर आलेला असताना तो कसा गाठणार?

पुरेसं झालं का, हे टेपने कळतं. फुगवट्यावरून मोजलेली लांबी १६ सेंमी आणि पिशवीच्या तळाची रुंदी ८ सेंमी, तर कागदावर ८ सेंमी कातडी मिळते. सुटल्यावर ती आक्रसते, म्हणून प्रत्यक्षात कमीच धरायची. पिशवीखाली कवटीला आलेला खोलगटपणा पाहून आई घाबरते. तो पुढे भरून येतो, हे तिला आधीच सांगावं. आणि ग्रहणात चिरलं-कापलं म्हणून डाग आला, हा दोषही तिच्यावरून उतरवावा. तो बदल पोटात पेशी घडतानाच झालेला असतो.

डाग पापणीवरही असेल, तर तिथे पिशवीवर वाढवलेली कातडी जाड पडते. तिथे कानामागची पूर्ण जाडीची कातडी लावतात. पातळ कातडीचं कलम लावलं तर ते आक्रसून पापणी उघडी राहते.

गणपती झाले की, सप्टेंबरअखेर पिशवी बसवावी. डिसेंबर-जानेवारीत ती काढून डाग कापायचा आणि वाढलेली कातडी पुढे सरकवायची. डाग उरला, तर पुढच्या वर्षी गणपतीनंतरच पुन्हा.