चिंगीने बेदाणे खाल्ले तेव्हा

कुत्र्याने बेदाणे खाल्ले आणि नंतर तो मजेत शेपटी हलवत फिरतोय, म्हणजे पचले, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. खरा घात इथेच होतो. बेदाण्यांचा मार मूत्रपिंडांवर बसतो आणि तो दिसून यायला २४ ते ७२ तास जातात. तोवर ते पोटातून बाहेर काढायची वेळ टळून गेलेली असते. म्हणून आमच्या घरी काय झालं ते सविस्तर लिहिते आहे.

आमची चिंगी देशी, वजन १४ किलो. इमारतीच्या मागच्या गल्लीतून पिल्लू असताना उचलून आणलेली. गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, तिने टेबलावरची बेदाण्यांची पिशवी ओढून फाडली. तासगावहून आत्याने फराळासाठी पाठवलेले बेदाणे. नवऱ्याचं लक्ष गेलं तेव्हा ती फरशीवरचे शेवटचे काही चाटून घेत होती. "सुकामेवाच तर आहे, ताकद येईल तिला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चिंगीवर फार जीव आहे आणि त्या मनापासूनच बोलल्या. पण द्राक्षं कुत्र्याला चालत नाहीत एवढं मला पक्कं ठाऊक होतं. बेदाणे म्हणजे पाणी उडालेली द्राक्षंच.

आमचे नेहमीचे डॉक्टर गावी गेले होते, तरी त्यांनी फोन घेतला. त्यांनी चारच गोष्टी विचारल्या: काय खाल्लं, किती, केव्हा आणि वजन किती. 'किती'चं उत्तर अंदाजाने देऊ नका, म्हणाले. अर्धा किलोची पिशवी होती. चिवड्यात घातलेले वजा केले, उरलेले स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. हिशेब लागला तो जवळजवळ दोनशे ग्रॅमचा. किलोमागे सुमारे ३ ग्रॅम बेदाण्यांनीही कुत्र्यांना बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. चिंगीच्या वजनाला ते होतात ४०-४५ ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ. शिवाय ही काही सुरक्षित मर्यादा नव्हे. एखाद्या कुत्र्याला याहून जास्त खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोड्यानेही होतं, आणि आपला कुत्रा कुठल्या गटातला ते आधी कळायला मार्ग नाही.

डॉक्टरांनी बजावलं, घरी उलटी करवू नका. मीठ-पाणी तर अजिबात पाजू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. तूप, दूध, ताक यांनी काही उतरत नाही, उलट वेळ जातो. पिशवी सोबत घ्या आणि निघा.

सासूबाई परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयात न्यायला सांगत होत्या. त्यांच्या लहानपणापासून जनावरांचा दवाखाना म्हणजे तोच. पण आम्ही मुलुंडला, आणि हातात वेळ कमी. डॉक्टरांनी जवळचं, सणाला उघडं असणारं एक क्लिनिक सांगितलं. ॲपवरच्या टॅक्सीवाल्यांनी कुत्रा म्हटल्यावर नकार दिला. शेवटी शेजारच्या काकांनी पाडव्याचं ताट अर्धं टाकून गाडी काढली. त्यांचे आभार किती मानू!

क्लिनिकमध्ये इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात तिला उलट्या सुरू झाल्या. खाली वर्तमानपत्रं अंथरली होती. त्यावर पडलेले बेदाणे पाणी पिऊन इतके टम्म फुगले होते की पुन्हा द्राक्षंच झालेली दिसत होती. असिस्टंटने हातमोजे घालून ते पसरले आणि डॉक्टरांनी वाकून पाहिलं. बरेचसे आले होते, सगळे नाही. मग सक्रिय कोळशाचं काळं औषध सिरिंजने तोंडात सोडलं, पुढच्या पायाला सुई बसवून सलाईन लावलं आणि क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस पाहायला रक्त घेतलं. मूत्रपिंडं बिघडली की रक्तातले हे आकडे चढतात. हा पहिला रिपोर्ट चांगला येणारच, असं डॉक्टर आधीच म्हणाले. पुढचे रिपोर्ट ज्याच्याशी ताडून बघायचे तो आधार म्हणून तो हवा.

तिथे रात्री ठेवून घ्यायची सोय नव्हती. पायाला सुई आणि पट्टी तशीच ठेवून आम्ही तिला घरी आणायचो आणि सकाळ-संध्याकाळ सलाईनला न्यायचो. आमचं घरचं काम एकच, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं: लघवीवर लक्ष. किती वेळा, किती. लघवी कमी झाली किंवा थांबली तर मूत्रपिंडं बंद पडायला लागली असं समजून तडक यायचं.

आणि बाहेर फटाके. एवढं सलाईन अंगात गेलेलं, तरी चिंगी खाली उतरायला तयार नाही. पलंगाखाली थरथरत बसलेली. ती भीतीने धरून ठेवते आहे की होतच नाहीये, हे कळेना. त्या रात्रीइतकी मी क्वचितच घाबरले असेन. मध्यरात्र उलटून गेल्यावर माळा थांबल्या. नवऱ्याने तिला उचलून जिन्याने खाली नेलं. पार्किंगमागच्या मातीच्या पट्ट्यात ती बसली आणि कितीतरी वेळ बसूनच राहिली. मी टॉर्च धरून उभी. त्याच क्षणी डॉक्टरांना मेसेज केला. एरवी असला मेसेज कुणाला करेन, असं मला कधी वाटलं नसतं.

पुढचे रिपोर्ट येत गेले, क्रिएटिनिन चढलं नाही. ७२ तास उलटल्यावरचा रिपोर्टही स्वच्छ आला, तेव्हा सुई काढली.

सलाईनच्या बाटलीखाली बसून मी बरंच वाचलं आणि डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. द्राक्षांत नेमकं काय बाधतं हे बरीच वर्षं कोडंच होतं. अमेरिकेत घरी केलेली खेळायची कणीक खाऊन एका कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडली. त्या कणकेत टार्टारिक आम्लाचा क्षार होता. तिथून धागा सापडला आणि २०२१मध्ये एएसपीसीए या तिथल्या प्राणिकल्याण संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या तज्ज्ञांनी द्राक्षांतलं टार्टारिक आम्लच कारण असावं असं मांडलं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाऊनही कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे चिंचेचा कोळही कुत्र्यापासून लांब!

कांदा-लसणाचं तर आपल्या घरांत कुणाला खरंच वाटत नाही. कच्चा, शिजलेला, पावडर, कुठल्याही रूपात तो तांबड्या रक्तपेशी फोडतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरतो. १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे एखाद-दोन कांदे. परिणाम काही दिवसांनी दिसतो, हिरड्या फिकट, लघवी गडद तांबूस, आणि तोवर त्या दिवशीची बिर्याणी कुणाला आठवत नाही. लसूण याहून जहाल, आणि तोच गोचीड जावेत म्हणून खायला घालतात, हे थांबायला हवं.

चॉकलेटमध्ये रंग पाहायचा: जितकं काळं तितकं वाईट, कोको पावडर सर्वांत वाईट. १० किलोच्या कुत्र्याने शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साखरविरहित च्युइंगगम आणि टूथपेस्ट यांवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं आहे का ते बघा. त्याने अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. श्रीखंड-पुरणपोळीतलं जायफळ जास्त पोटात गेलं तर तेही बाधतं.

आमच्या इमारतीत गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या एक ताई आहेत. उरलेली आमटी-भात घालायच्या. मी त्यांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी वही काढून लिहून घेतलं आणि विचारलं, मग घालू काय? साधा भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन हाडं काढून, उकडलेला लाल भोपळा, थोडं साधं दही. आता त्या भात वेगळा लावतात, आणि आमटी कुत्र्यांच्या पातेल्यात जात नाही.