टेस्ट ड्राइव्ह मिळवताना: मध्यम एसयूव्ही घेण्याचा माझा अनुभव

ठाण्यात गाड्यांच्या शोरूमना तोटा नाही. पण जी गाडी घ्यायची तीच गाडी, आपण जिथून जाणार तशा रस्त्यावर चालवून बघायची म्हटलं की सगळ्यांची तोंडं फिरतात. माझ्या गाडीखरेदीतला सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त मनस्ताप याच एका गोष्टीत गेला. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी आमची गरज सांगते. घर मानपाड्याला, माझं ऑफिस महापेला. म्हणजे रोज कापूरबावडी, कळवा पूल, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता. त्यातला निम्मा वेळ गाडी रांगत असते. शिवाय मुरबाडच्या पुढे टोकावड्याजवळ आमची थोडी भातशेती आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचा तुकडा बैलगाडीच्या वाटेचा: मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या, मग एक ओढा आणि ओढ्यापलीकडे मुरमाचा चढ. जुनी हॅचबॅक पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडे लावून आम्ही चालत जायचो. सासूबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना ते चालणं झेपत नाही, आणि आवणीच्या दिवसांत शेत बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यामुळे रोज आरामात चालेल, मागच्या सीटवर आईंची कंबर सांभाळेल आणि तो चढ चढेल, अशी गाडी हवी होती.

यादी पटकन लहान झाली. स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारं) मॉडेल तो चढ हसत चढलं असतं, त्यात लो रेशोही (अवघड चढासाठी हळू वेगाचा, जास्त जोराचा गिअर) आहे. पण 4662 मिमी लांब आणि 1917 मिमी रुंद गाडी आमच्या इमारतीच्या पोडियम पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे लावून दार उघडणं कठीण. शिवाय लॅडर फ्रेमच्या (ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या) गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला खड्डा जास्त जाणवतो. जिम्नी चिखलात उत्तम, पण चारच सीट आणि आईंना मागे चढणं-उतरणं अवघड. क्रेटा शहरात फार आरामशीर, पण ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) 190 मिमी आणि ओढणारी चाकं फक्त पुढची. एलेव्हेटचा क्लिअरन्स 220 मिमी, म्हणजे चाकोऱ्यांची काळजी मिटली. पण तीही पुढच्या चाकांवरच. ओल्या मुरमात पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली की नुसत्या उंचीने काही होत नाही.

उरल्या मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, ऑल व्हील ड्राइव्हवाल्या. दोघी एकाच आराखड्यावरच्या जुळ्या बहिणी: 1462 सीसी पेट्रोल इंजिन, 210 मिमी क्लिअरन्स. एरवी गाडी पुढच्या चाकांवर चालते, ती घसरायला लागली की मागच्या चाकांनाही जोर मिळतो. लॉक मोड लावला की हळू वेगात चारही चाकं जुंपलेली राहतात. लो रेशो नाही, त्यामुळे मोठ्या दगडांवर चढवायची ही गाडी नव्हे, पण आमच्या ओढ्याला एवढं पुरे होतं. एप्रिल 2025 मध्ये दोन्हींत ऑल व्हील ड्राइव्हबरोबर ऑटोमॅटिक गिअर आले आणि कळवा पुलावरच्या क्लचच्या पायाचाही प्रश्न सुटला. हायब्रिडचा मायलेज मोहात पाडतो, पण त्यात ऑल व्हील ड्राइव्ह नाही आणि बॅटरीमुळे डिकीही लहान होते.

इथवर सगळं सोपं. मग मी टेस्ट ड्राइव्ह मागितली.

पहिल्या शोरूमचं नाव देत नाही. फोनवर मी तीनदा बजावून विचारलं, गाडी ऑल व्हील ड्राइव्हच आहे ना? हो मॅडम, तीच आहे. गेल्यावर चावी हातात दिली. मी बसल्याबरोबर गिअरच्या मागे बघितलं. ऑल व्हील ड्राइव्हच्या गाडीत तिथे एक गोल नॉब असतो, त्यावर ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. इथे नॉबच नव्हता. विचारलं तर सेल्समन म्हणाला, "मॅडम, गाडी सेमच आहे, फक्त मागची चाकं पण फिरतात. फील तोच येतो." मी म्हटलं, मला नेमकं तेच बघायचंय, मागची चाकं कधी आणि कशी फिरतात ते. यावर तो माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही सांगा ना, शहरात कुठे लागतं ते?" गाडी मी चालवणार, हप्ता माझ्या पगारातून जाणार, आणि उत्तर नवऱ्याला! नवऱ्याने शांतपणे सांगितलं, "निर्णय त्यांचा आहे, त्यांच्याशी बोला." त्याचं ते एक वाक्य मला फार बरं वाटलं.

मग सुरू झाल्या तारखा. डेमो गाडी दुसऱ्या शाखेत आहे, येत्या शनिवारी मागवतो. शनिवारी फोन केला तर ती सर्व्हिसला गेलेली. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशनचे कागद बाकी. त्यानंतर, "बुकिंग केलंत तर गाडी लगेच मागवता येईल मॅडम, रक्कम रिफंडेबल आहे." न चालवलेल्या गाडीसाठी बुकिंग करायला मी नकार दिला आणि तुम्हीही द्यावा असं मला मनापासून वाटतं. एकदा पैसे अडकले की आपणच स्वतःची समजूत घालायला लागतो, आणि समोरच्याला ते बरोबर माहीत असतं.

शेवटी गाडी आली. नॉब होता. मी आईंना मुद्दाम बरोबर नेलं होतं. पण रस्ता? शोरूमच्या बाहेरून सर्व्हिस रोडने पुढच्या सिग्नलपर्यंत आणि परत. मी म्हटलं, निदान गायमुखच्या घाटापर्यंत जाऊ, घोडबंदरचा तो तुकडा पावसाळ्यात कसा होतो ते ठाण्यात कोणाला सांगायला नको. नाही, रूट फिक्स आहे, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम येतो. गुळगुळीत काँक्रीटवर सगळ्याच गाड्या आरामशीर वाटतात. वीस-बावीस लाखांच्या आसपासचा व्यवहार, आणि परीक्षा म्हणून शंभर रुपयांच्या रिक्षाभाड्याएवढं अंतर! आई उतरताना म्हणाल्या, "बसायला चांगली आहे गं, पण हिला खड्डा दाखवलाच नाही." त्या दिवशी मी त्या शोरूमचा नाद सोडला.

मार्ग सापडला तो कल्याणला. आमच्या गावाकडच्या एका शेतकऱ्याने सुचवलं की मुरबाड रस्त्याच्या बाजूचं गिऱ्हाईक करणाऱ्या शोरूममध्ये विचारा, त्यांना कच्चा रस्ता नवा नाही. फोनवर मी सरळ अटी सांगितल्या: ऑल व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक, रायत्याच्या पुढे एखादी कच्ची वाट, मागे सासूबाई. पलीकडच्या मुलीने एकच विचारलं, "आजींना उतरायला पायरी लागेल का?" तिथेच माझं निम्मं मत झालं.

ती स्वतः बरोबर आली. उल्हास नदी ओलांडून पुढे मुख्य रस्त्यावरून तिने एका शेताकडे जाणारी वाट दाखवली. आदल्या रात्री पाऊस झालेला. आधी मी मोड ऑटोवर ठेवून चढाला गाडी घातली. पुढची चाकं क्षणभर फिरली, स्टिअरिंग हातात हललं, मग मागून ढकलल्यासारखी गाडी वर सरकली. खाली येऊन लॉक लावून पुन्हा चढवली, तेव्हा ती क्षणभराची फिरकीही नाही. चाकोरीतून जाताना मधला उंचवटा खाली कुठे घासला नाही. आई मागे वरचं हँडल धरून बसल्या होत्या आणि मधेच त्यांनी ते सोडून पदर सावरला. माझ्या दृष्टीने सस्पेन्शन पास झालं ते तिथे. एक गोष्ट आवडली नाही, तीही सांगते: इंजिनात दम बेताचा आहे. भरलेली गाडी घाटात ओव्हरटेकला नेताना आधीच हिशोब करावा लागतो. माळशेजला दर आठवड्याला जाणाऱ्याने डिझेलचा विचार करावा.

जुळ्यांपैकी कोणती घेतली ते महत्त्वाचं नाही. ज्यांनी चिखलात घालू दिली त्यांच्याकडून घेतली. शोरूम कल्याणचं असलं तरी पत्ता ठाण्याचा, त्यामुळे नंबर एमएच-04 चाच मिळाला, त्यात काही अडलं नाही.

आता आठवेल तसं सांगते. इन्शुरन्स शोरूमकडूनच घेतला पाहिजे असा नियम नाही, बाहेरचं कोटेशन आणून समोर ठेवा, आकडा खाली येतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची सक्तीची, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची एक वर्षाची घेता येते. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जाणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कव्हर) नक्की घ्यावं, आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नये. रोड टॅक्स पेट्रोलला 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात 12 टक्के, डिझेलला 14, तो धरूनच तुलना करा. 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) कापतात, तो रिटर्न भरताना मागून घ्यायचा. आमचा व्यवहार रखडला त्यातून एकच फायदा झाला: 22 सप्टेंबर 2025 पासून या गाड्यांवरचा जीएसटी (आधी सेस धरून) 45 वरून 40 टक्क्यांवर आला.

ताब्यात घेण्याआधी गाडी दिवसाउजेडी यार्डात जाऊन बघा. टायरच्या बाजूला तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, 2625 म्हणजे 2025 चा सव्विसावा आठवडा. पाचवा टायरही बघा, तो कोणी बघत नाही. आणि टेस्ट ड्राइव्हला जाताना मागच्या सीटवर जो रोज किंवा नेहमी बसणार आहे त्यालाच न्या, फोनवर गाडीचं पूर्ण मॉडेल लिहून मेसेजने कळवा, आणि गेल्यावर चावी घ्यायच्या आधी नॉब आहे का ते बघा.