आवृत्ती विचारावी की क्षमता?

आज दिवसभर एका छोट्या स्क्रिप्टवर बसलो होतो. व्हिम या मजकूर-संपादकात फाइल जतन झाली की पार्श्वभूमीवर एक तपासणी चालवायची आणि तिचा निकाल पॉपअप खिडकीत दाखवायचा, एवढेच तिचे काम आहे. मात्र ती सेंटओएस ७ या लिनक्सवरच्या व्हिम ७.४ मध्ये, उबुंटू २०.०४ या दुसऱ्या लिनक्सवरच्या ८.१ मध्ये आणि माझ्या लॅपटॉपवरच्या नीओव्हिम या व्हिमपासून निघालेल्या वेगळ्या संपादकातही निमूट चालायला हवी.

हवी ती सोय आहे की नाही हे ठरवायला आवृत्तीचा आकडा पाहून मोकळे व्हावे, असा मोह होतो. ८.२ साठी व्हिम तो ८०२ असा देतो, आणि पॉपअप खिडक्या डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ८.२ चे ठळक वैशिष्ट्य म्हणून जाहीर झाल्या, त्यामुळे '८०२ किंवा पुढे' ही अट वरवर रास्त दिसते. प्रत्यक्षात ही सोय ८.१ च्या पॅचमधूनच (क्रमांक दिलेल्या छोट्या सुधारणांमधूनच) हळूहळू येत गेली होती, आणि उबुंटू २०.०४ मधल्या ८.१ मध्ये पॅच २२६९ पर्यंतची भर असल्याने ती तिथे आधीच हजर आहे. आकड्याची अट तिला उगाच नाकारते. नीओव्हिमची गोष्ट निराळी. त्याने सांगितलेला आकडा व्हिमशी सुसंगतीपुरता असतो आणि त्याच्या तरंगत्या खिडक्यांची फंक्शन वेगळी आहेत. म्हणून एखादी गोष्ट आहे का ते सांगणाऱ्या 'एग्झिस्ट्स' या फंक्शनला हव्या त्या फंक्शनचे नाव, आधी तारा (*) लावून, थेट विचारणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

या 'एग्झिस्ट्स'चेही बारकावे आहेत. सेटिंगच्या नावाआधी 'अँड'चे चिन्ह (&) लावले, तर ते नाव व्हिमला ओळखीचे आहे एवढेच कळते. ते खरोखर काम करते का, हे जाणून घ्यायचे तर त्याऐवजी अधिकचे चिन्ह (+) लावावे लागते. कमांडच्या बाबतीत उत्तर २ आले तरच नाव पूर्ण जुळले असे धरायचे, कारण १ म्हणजे नुसती सुरुवात जुळली.

पॅच क्रमांक विचारण्यावाचून गत्यंतर नसते ते फंक्शन जुनेच असून त्यातला दोष नंतर दुरुस्त झालेला असेल तेव्हा. 'हॅज' या सोय तपासणाऱ्या फंक्शनला आवृत्ती आणि पॅच एकत्र देण्याची सोय ७.४.२३७ पासूनची आहे; त्याआधीच्या व्हिमसाठी दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात, म्हणजे तपासणीच्या साधनाचीही आधी तपासणी आलीच.

डेबियन या लिनक्समधल्या 'व्हिम-टायनी' या छोटेखानी व्हिममध्ये तर प्रश्न विचारण्याचीच सोय नाही. त्यात पदावली (म्हणजे अटी आणि हिशेब) तपासण्याची क्षमता नसल्याने 'इफ' ते 'एंडइफ' यांमधले सगळे वगळले जाते, आणि 'एल्स' ओळखलेच जात नसल्याने तिथे जपून लिहिलेला पर्यायही वाया जातो. म्हणून मी संपूर्ण स्क्रिप्ट एका 'इफ १'मध्ये गुंडाळली आहे, म्हणजे टायनी ती निमूट वगळेल. सेंटओएस ७ वरच्या ७.४ मध्ये पार्श्वभूमीवर काम चालवण्याची सोय नाही, आणि प्रत्येक वेळी फाइल जतन करताना संपादक गोठवणारा पर्याय मला नको आहे. म्हणून तिथे तपासणी फक्त वापरकर्त्याने कमांड दिल्यावरच चालेल आणि निकाल क्विकफिक्स यादीत (व्हिमच्या चुका दाखवणाऱ्या यादीत) दिसेल.