हातचा एक

तुळशीबागेच्या मागल्या गल्लीतून परात, झारा आणि सांडशी घेऊन घरी आलो, पंखा लावला आणि सवयीने बिलाची बेरीज ताडून पाहिली. ६८५, २४०, १८५. खाली लिहिलेले १०१०. दशकाच्या घरातून हातचे दोन आले होते, दुकानदाराने एकच धरला. मला शंभर रुपये सुटले.

ही माझी खोड बायकोला मुळीच आवडत नाही. हॉटेलात बिल आलं आणि माझे ओठ हलायला लागले की ती बडीशेपेच्या वाटीत काहीतरी शोधत बसते. काय करणार, अठ्ठावीस वर्षं कॉलेजात वाणिज्य शिकवतोय. बिल कच्चं होतं, हेही कबूल करून टाकतो; सकाळी वर्गात जीएसटी शिकवणारा माणूस परात घेताना पक्कं बिल मागायला विसरतो. कच्चं असलं तरी खाली छापलेलं होतंच : चू. भू. द्या. घ्या.

लगेच परत जावं, तर एक वाजून गेलेला. पुण्यात याहून जास्त खुलासा लागत नाही. चारपर्यंत त्या शंभर रुपयांसोबत घरात बसणं आलं.

माझे वडील नाना पेठेत एका भुसाराच्या दुकानात दिवाणजी होते. दिवाळीच्या तोंडावर लाल कापडाच्या वह्या घरी यायच्या आणि आम्हा पोरांना त्या खोलीत पाय टाकायची बंदी असायची. एका रात्री रोकड चार आण्यांनी कमी भरली. वडील कीर्दीचं एकेक पान बोट ठेवून उलटत होते. अकरा वाजले, बारा वाजले. शेवटी आई डाळीच्या डब्यातून चार आणे काढून म्हणाली, "हे घ्या, घाला त्यात आणि झोपा." वडिलांनी मानही वर केली नाही. "चार आणे नकोत गं, चूक हवीय." सकाळी सापडली. हमालाच्या चहाचे लिहायचे राहिले होते.

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे सांगतो. त्याला जोडून लुका पाचोलीही येतो. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचा गणितावरचा ग्रंथ छापला गेला, त्यात दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची पद्धत सविस्तर आली. गृहस्थ फ्रान्सिस्कन साधू. व्यापाऱ्यांच्या वह्यांचं शास्त्र साधूने मांडावं, याची मला अजून गंमत वाटते. मुलांना वाटत नाही. वडिलांची गोष्ट संपली की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, राउंड ऑफला टाकायचे ना!" आणि वर्ग हसतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये किरकोळ फरक टाकायला तसं खातं उघडता येतंच. मी रागावतो. रागावण्याची जागासुद्धा आता ठरून गेली आहे.

पोरं चांगली असतात. कुणी परभणीहून आलेलं, कुणी बारामतीहून. दोघंतिघं रात्री घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवून सकाळच्या तासाला पेंगणारी. डेबिट-क्रेडिट म्हटलं की डोळे मिटतात. 'नावे-जमा' म्हटलं की ज्यांच्या घरी किराणा दुकान आहे ती मान वर करतात. घसारा, म्हणजे वापराने वस्तूची किंमत कशी घटत जाते ते, शिकवायला मला विशेष आवडतं. घटत्या बाकीच्या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्के काढत गेलं, तर यंत्राची किंमत कधीच शून्यावर येत नाही. हे फळ्यावर करून दाखवताना अलीकडे मला जरा जास्तच बरं वाटतं.

शिकवून मिळतं काय, असं कुणी विचारलं तर मी सातवा वेतन आयोग असं सांगून मोकळा होतो.

एका वर्षी खऱ्याखुऱ्या धंद्याचं नफा-तोटा पत्रक करून आणायला सांगितलं होतं. हडपसरकडच्या एका मुलीने वडिलांच्या वडापावच्या गाडीचं आणलं. बेसन, तेल, पाव, सिलिंडर, हिरव्या मिरच्यासुद्धा. खाली नफा. तास संपल्यावर ती टेबलाशी थांबली. "सर, आई पहाटे चारला उठून बटाटे उकडते. ते कुठे लिहू?"

मी नियमाने सांगितलं. मालकाच्या घरच्यांना प्रत्यक्ष पगार दिला नसेल, तर तो खर्चात येत नाही. घरखर्चाला गल्ल्यातून जे काढतात ती उचल, ती भांडवलातून वजा. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, "म्हणजे हा नफा म्हणजे आईचा पगारच आहे की."

मी काहीतरी पुटपुटलो. पत्रकाला दहापैकी नऊ दिले. एक कशाचा कापला, ते काही केल्या आठवत नाही.

चार वाजता तुळशीबागेत पोचलो. दुकानदाराने बिल पुन्हा तोंडाने जुळवलं, मग कॅल्क्युलेटरवर, आणि शंभराची नोट हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. खूश झाला असावा असं वाटलं नाही.

"दुपारी गल्ला बरोबर जुळला होता हो काका," तो म्हणाला. "आता हे कशात धरू?"

"राउंड ऑफला टाका," मी म्हणालो.