रस्ता होऊ द्या, पण धुराळा आवरा
आमच्या गावाजवळ रस्त्याचं काम सुरू आहे अन् वावर अगदी रस्त्याला लागून, त्यामुळे पराटीची पानं पांढरी फटक झालीत, बोटानं पुसलं की खाली हिरवं दिसते, आणि फुटलेल्या बोंडातल्या कापसातही मुरमाची बारीक माती बसते. आई रात्रभर खोकलते. १० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाते, डोळ्याला दिसतही नाही.

उपाय काही अवघड नाहीत हो. कच्च्या रस्त्यावर टँकरनं दिवसातून दोन-तीनदा पाणी मारा, टिप्परवर ताडपत्री बांधा, गाड्या हळू चालवा. गिट्टी-मुरमाचे ढीग झाका. माल उतरेपर्यंत टिप्परचं इंजिन तासभर चालूच असते, ते बंद ठेवलं तर धूर कमी अन् डिझेलही वाचते. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषणाच्या मानकाच्या) डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागच असते, पण जुन्या इंजिनाची देखभालच नसली तर काळा धूर निघणारच.

डिझेलचे ड्रम मात्र नाल्याच्या काठावर ठेवलेत, त्याचीच मला जास्त भीती वाटते. त्याखाली ट्रे ठेवा, सांडलं तर लगेच रेती टाकून उचला. आमची विहीर तिथून चाळीस पावलांवर आहे.